शेपूटहाल्या

दसऱ्यानंतरचा चौथा-पाचवा दिवस.
मी चाळणीतले सोंडे पायरीशी झाडते
आणि चक्कीच्या पत्र्यावर तो बसलेला असतो.
कधी उतरला, कोणी पाहिलेलं नसतं.
काजळ फासलेलं अंग, पोट विटकरी,
आणि हिवताप भरल्यागत
थरथरत राहणारी शेपटी.

डोमाकाका त्याला शेपूटहाल्या म्हणतात.
थिरथिरा हे नाव मला फार उशिरा कळलं.

काकांना ऐकू येत नाही.
एकतीस वर्षं दहा हॉर्सपॉवरच्या मोटारीशेजारी
उभं राहिल्यावर कान उरत नाहीत.
चक्कीच्या पत्र्यावर तळवा ठेवतात, डोळे मिटतात:
"जाडं पडून रायलं. आवळ थोडं."
मी आवळते.
वणी खुर्दात कोणाची भाकर आजवर तुटली नाही.

निंबाला तारेनं टांगलेलं डालड्याचं झाकण.
त्यात मूठभर ज्वारी, पाखडलेली कणी.
भारीट येतात, वीस-पंचवीस, पिवळेधमक,
लग्नातल्या वऱ्हाडासारखे
आपसांत भांडतात, पण पंगतीवरून उठत नाहीत.
शिवारात आता त्यांच्यासाठी काय आहे?
बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन.
दळायला ज्वारी आणतात त्या एकट्या वच्छलाबाई ढोके,
तेही शुगर निघाल्यापासून.
त्यांच्या पायलीतली एक मूठ
मी न विचारता झाकणात टाकते.
त्यांना माहीत आहे. त्या निंबाकडे पाहत नाहीत.

शेपूटहाल्या दाण्याला शिवत नाही.
त्याला सोंडे लागतात, रेशनच्या गव्हातले.
पाच महिने राहतो आणि गात नाही.
टिक् टिक्, सायकलची चेन घसरावी तसं,
तेवढंच.
मी काकांना खुणेनं सांगितलं: मुका आहे.
ते हसले.
"मंग आपलं जमते."

जानेवारीत पाखरं मोजायला
रोशनी मडावी आली, वनखात्याची,
गळ्यात दुर्बीण, पायात चिखल भरलेले बूट.
चहा घेता घेता म्हणाली, मुका नाही हो मावशी.
याचं गाणं तिकडे असतं, डोंगरात,
जिथं दगडाच्या फटीत घर करतो.
इकडे फक्त पोट घेऊन येतो.
गाणं घरी ठेवून येतो म्हणजे?
"इथं कोणासाठी गाईल?" ती म्हणाली,
आणि मोबाईलवर लावून दाखवलं.

बारीक शीळ.
मग मधेच काहीतरी खरखरलं.
मग पुन्हा शीळ.

काका आमच्या तोंडांकडे पाहत होते.
उठले, पिठाचे हात धोतराला पुसले,
मोबाईल तिच्या हातातून घेतला
आणि पालथा तळवा नाही, सुलटा,
पूर्ण तळवा त्यावर ठेवला.
डोळे मिटले.
रोशनीनं आवाज वाढवला. मी तिला थांबवलं नाही.

बराच वेळ.
"बारीक दळते," काका म्हणाले.
"मधात खडा हाय."

रोशनीच्या कपातला चहा गार झाला होता.
पत्र्यावर तो
हलवत होता शेपूट.

होळीच्या आगेमागे जातो.
भिंतीवर कोळशानं लिहिलेल्या तारखा
सगळ्या येण्याच्या आहेत, अकरा वर्षांच्या.
जाण्याची एकही नाही.
आज नाही दिसला, असं वाटतं,
उद्या दिसेल, असंही,
आणि मग उन्हाळी वाळवणं सुरू होतात.

परवा लाइन गेली.
पट्टा फरफरत थांबला.
काकांनी हात काढला नाही,
थंड होत जाणाऱ्या पत्र्यावर तसाच ठेवून
म्हणाले, "कुठवर पोचला असन थो?"
मी खांदे उडवले.
बाहेर आले, चाळणी पायरीशीच झाडली.
सोंडे थोडा वेळ मेल्यासारखे पडले,
मग एकेक उठून
भिंतीच्या सावलीकडे चालू लागले.